चौकोनी बर्फ

अण्णा चष्म्याच्या फडक्याने टॅब पुसत होते. काच स्वच्छच होती, तरी काचेवर ‘हाऽ’ करून, कोपऱ्याकोपऱ्यातून फडकं फिरवून ते पुन्हा पुसत होते. मी लॅपटॉपचा चार्जर शोधत त्यांच्या खोलीत गेले होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, “हा आता माझ्यासारखाच झालाय बघ. दिसतं त्याला, पण धूसर.” तक्रारीचा सूर नव्हता. उद्या पाऊस पडेलसं दिसतंय, असं सांगावं तसं सांगितलं. “बघते हं अण्णा,” असं मी घरातल्या प्रत्येक बिघाडाला म्हणते तसं म्हणाले, आणि निघता निघता पडद्याकडे नजर गेली. कुठल्यातरी थंड देशातली रेल्वे, इंजिनाच्या पुढच्या काचेतून दिसणारी. समोर रूळ, दोन्ही बाजूंना झाडं आणि अंगावर येणारा बर्फ. असे व्हिडिओ अण्णा तासन्‌तास बघतात. त्यात कोणी बोलत नाही, काही घडत नाही, गाडी जात राहते. फक्त त्या दिवशी झाडांच्या जागी हिरवट ठिगळं होती, आणि बर्फ भुरभुरत नव्हता.

बर्फ चौकोनी पडत होता.

ते चौकोन माझ्या हातचे होते, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्याआधी अकरा दिवस मी घरातल्या वायफायची अधिकारी होते. पद कोणी दिलं नव्हतं, माझं मीच घेतलं होतं. सुरुवात झाली ऑफिसच्या मीटिंगांपासून. दुपारी अकरा-साडेअकराला मी काही महत्त्वाचं बोलायला लागले, की पलीकडून ठरलेलं वाक्य यायचं, “आवाज तुटतोय.” एकदा तर मी अर्धवट मिटलेले डोळे आणि उघडं तोंड अशा अवस्थेत गोठले आणि एका सहकारिणीने त्याचा स्क्रीनशॉट काढून मला पाठवला. मग मी खुर्चीतूनच ओरडायचे, “नेट कोण खातंय?” आणि चार खोल्यांतून चार उत्तरं यायची, “मी नाही!” सामायिक गोष्टीची गंमत अशी, की ती कमी पडली की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचाच चेहरा येतो. माझ्यासमोर थोरल्याचा आला. वय एकोणीस, खोलीचं दार बंद, कानांवर हेडफोन. अजून काय पुरावा हवा?

नवऱ्याचं म्हणणं, मोठा प्लॅन घेऊन टाकू. त्याचा प्रत्येक रोगावर हाच उपाय. मी म्हटलं, आधी हिशोब तर करू. आपलं कनेक्शन शंभर एमबीपीएसचं. ते शंभर मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. आठाने भागायचं, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. ही आठाची भानगड कितीतरी शिकल्यासवरल्या लोकांना ठाऊक नसते आणि मग आपल्याला फसवलं असं त्यांना वाटतं. तरी शंभर म्हणजे काही थोडं नाही. फोरके व्हिडिओला वीस-पंचवीस, साध्या एचडीला पाच, मीटिंगला तीन-चार. सगळे एकदम बसले तरी शंभर संपायचे नाहीत. मग माझाच आवाज का तुटतो? त्या रात्री मी जमिनीवर पालथी पडून, मोबाइलचा टॉर्च लावून, राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या लेबलवरचा पासवर्ड वाचला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता टाइप केला आणि पहिल्यांदाच आमच्या घराच्या त्या दुसऱ्या दारातून आत गेले.

आत तेवीस जण होते. घरात माणसं पाच.

टीव्ही, प्रिंटर, दोन दिवे, दारावरचा कॅमेरा, जुन्या फोनांची भुतं. काहींना नावं होती, बाकीच्यांच्या पुढे ‘अनोळखी’ आणि मॅक ॲड्रेस, म्हणजे आकडे-अक्षरांच्या सहा जोड्या. मी वही घेतली आणि रात्री एकेकाचं वायफाय बंद करून यादीतलं कोण राखाडी होतं ते टिपायला लागले. नवऱ्याचा फोन यादीत दोनदा निघाला. राउटरची दोन नावं, एक जुन्या पट्ट्याचं आणि एक ५ गिगाहर्ट्झचं, आणि फोन दोन्हीकडे वेगवेगळं तोंड घेऊन गेलेला. हे मला नवीनच होतं. मॅक ॲड्रेस म्हणजे यंत्राच्या कपाळावर कारखान्यात गोंदलेला नंबर, असं मी समजत होते. तसा तो होताही. पण तो सगळीकडे सारखाच असल्याने माणूस कुठे कुठे फिरला याचा माग काढता येतो, म्हणून २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि पुढच्या वर्षी आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला मनाने बनवलेला नंबर सांगायला लागले. परक्यांच्या पाळतीपासून वाचवायला केलेली ही सोय. घरातल्यांच्या पाळतीचा विचार त्यात झाला होता की नाही कोण जाणे, पण ती त्यांनाही तितकीच चकवते.

वहीत शेवटी दोन ‘अनोळखी’ उरले. एक निघाला वजनकाटा. (आमचा वजनकाटा इंटरनेटवर आहे, हे मला त्या रात्री कळलं. तो कोणाला काय सांगतो ते मी विचारलं नाही.) दुसरा सापडेना. दिवसा तो थोडाच वापर करायचा, पण रात्री दोन ते चारच्या दरम्यान त्याचा आलेख भिंतीसारखा उभा राहायचा. तासाला तीन जीबी, म्हणजे स्वच्छ एचडी व्हिडिओ. रोज. मी वहीत त्याच्यापुढे थोरल्याचं नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली. त्याला विचारलं असतं तर “मी नाही” म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. राउटरच्या पानावर त्या ओळीच्या टोकाला कमाल वेगाचा एक रिकामा चौकोन होता. मी त्यात लिहिलं, १. शंभरातला एक. ‘सेव्ह’ दाबलं.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. या घरात मी सांगितलेलं एका झटक्यात आणि वाद न होता अमलात येण्याचा प्रसंग बऱ्याच वर्षांनी आला होता.

लिमिट लावण्यातली सगळ्यात सोयीची आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ज्याला लावलं त्याला ते कळत नाही. वीज गेली की अंधार होतो, नळ गेला की तोटी सूंसूं करते. इथे तसलं काही नाही. हल्लीचे व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेले असतात आणि प्रत्येक तुकडा चार-पाच प्रतींत, एक लखलखीत, एक बरा, एक फिका. नेट आखडलं की प्लेअर गुपचूप पुढचा तुकडा फिक्या प्रतीतला उचलतो. व्हिडिओ थांबत नाही, पाटी येत नाही, कोणी माफी मागत नाही. चित्र तेवढं विरत जातं. त्यातही पडणारा बर्फ म्हणजे सगळ्यात अवघड काम. व्हिडिओ आकसतो तो मागच्या चित्रात काय बदललं तेवढंच सांगून, आणि बर्फात प्रत्येक क्षणी सगळंच बदलतं. सांगायला पुरेसे बिट नसले की तो बारीकसारीक सोडून देतो आणि ठोकळे रचतो. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा एका मेगाबिटमध्ये कसाबसा निभावतो. बर्फ निभावत नाही.

इकडे माझ्या मीटिंगा तुटायच्या त्या तुटतच होत्या. खरं तर तिथेच मला थांबायला हवं होतं. रात्री दोनच्या वापराचा दुपारी अकराच्या आवाजाशी संबंध काय? पण एकदा चोर ठरवला, की चोरीची वेळ कोणी तपासत नाही. शेवटी मी मीटिंगच्या वेळी शेजारच्या खिडकीत ‘पिंग’ चालू ठेवायला लागले. पाणबुडीच्या सोनारवरून हे नाव ठेवलंय. हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजायचं. एरवी चौदा, पंधरा, चौदा मिलिसेकंद. अकरा वाजून पाच मिनिटांनी एकदम तीनशे, सहाशे, अकराशे. मी राउटरचं पान उघडलं. डाउनलोड जेमतेम सहा. अपलोड मात्र आमच्या दहाच्या दहा, आलेखाचा माथा इस्त्री केल्यासारखा सपाट. नवरा रोज अकराला फोन चार्जिंगला लावतो, आणि चार्जर आणि वायफाय दोन्ही मिळालं की त्याचा फोन आदल्या दिवशीचे फोटो-व्हिडिओ वर पाठवायला बसतो. म्हणजे ‘मोठा प्लॅन घेऊ’वाले स्वतःच. मी तिथल्या तिथे जाऊन चार्जर उपटला. अकराशेचे पुन्हा चौदा झाले. पण रोज चार्जर उपटत बसणं हा काही इलाज नव्हे, म्हणून संध्याकाळी थोरल्याला हाक मारली. ज्याच्यावर मी अकरा दिवस मनातून खटला चालवत होते, त्यालाच.

तो खुर्ची उलटी करून बसला आणि त्याने मला जे सांगितलं ते मी तोपर्यंत उलटं धरून चालले होते. भांडण किती घेतलं याचं नसतंच, रांगेचं असतं. राउटरमध्ये स्मरणाची जागा असते. नेटवरून काहीही जातं ते छोट्या छोट्या पाकिटांत, आणि बाहेर जायला वाट मिळेपर्यंत ही पाकिटं तिथे थांबतात. पूर्वी ही जागा महाग, म्हणून छोटी असायची. भरली की नवं पाकीट टाकून द्यायची, आणि पाकीट हरवलं की पाठवणाऱ्याला कळायचं, गर्दी आहे, जरा सावकाश. पुढे जागा स्वस्त झाली आणि सगळ्यांनी ती वाढवून ठेवली. आता काही टाकून दिलं जात नाही, सगळं साठत जातं. पाठवणाऱ्याला वाटतं वाट मोकळी आहे, तो अजून ढकलतो. माझ्या आवाजाचं चिमूटभर पाकीट नवऱ्याच्या व्हिडिओंच्या पोत्यांमागे सेकंदभर ताटकळतं. मीटिंगमध्ये सेकंद म्हणजे मरण. २०१०च्या सुमारास जिम गेटिस या अनुभवी इंजिनिअरला हे स्वतःच्या घरच्या नेटवरच आढळलं आणि त्याने त्याला बफरब्लोट असं नाव दिलं, साठवणीची सूज. भल्याभल्या अभियंत्यांच्या घरातही हेच चाललेलं असतं, हे ऐकून मला हलकं वाटलं.

मग तो मला १९८६ची एक गोष्ट सांगायला लागला. मला ती ऐकायची घाई नव्हती, पण मुलगा आपणहून बोलतोय म्हटल्यावर मी थांबले. त्या ऑक्टोबरात अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला बत्तीस हजार बिटवरून चाळीस बिटवर कोसळला. चाळीस हजार नव्हे, चाळीस. दोन ठिकाणांत अंतर चारशे यार्ड, चालत जाऊन निरोप दिला असता तर लवकर पोचला असता. त्या प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन या संशोधकाने त्यावर शोधलेला उपाय १९८८ साली छापून आला. त्यात वरून कोणी लिमिट लावत नाही. पाठवणाऱ्या प्रत्येक यंत्राने स्वतःच अंदाज घ्यायचा. पाकीट हरवलं म्हणजे पुढे गर्दी आहे असं धरायचं आणि आपला वेग आपण एकदम कमी करायचा, मग चाचपडत चाचपडत वाढवायचा. सगळं इंटरनेट त्या मागे सरण्यावर उभं राहिलं. त्याच जेकबसनने पुढे २०१२ साली कॅथलीन निकल्सबरोबर या फुगलेल्या रांगेवरही इलाज काढला. पाकिटं किती साठली ते मोजायचं नाही, प्रत्येक पाकीट किती वेळ थांबलं ते मोजायचं. थांबणं पाच मिलिसेकंदांच्या वर रेंगाळायला लागलं की एखादं टाकून द्यायचं, म्हणजे ढकलणाऱ्याला इशारा मिळतो. त्यावर रचलेल्या पुढच्या पद्धती प्रत्येकाची रांगही वेगळी लावतात. हातात एकच कागद असलेल्या माणसाला पोती घेऊन आलेल्याच्या मागे उभं राहावं लागत नाही. आमच्या राउटरमध्ये ही सोय होती. एसक्यूएम नावाची ती खूण कोणी कधी केलीच नव्हती. फक्त त्याला आपला वेग खऱ्यापेक्षा थोडा कमी सांगायचा, शंभरचा नव्वद, दहाचा नऊ, म्हणजे रांग बाहेर कुठे न लागता आपल्याच राउटरमध्ये, आपल्या नजरेखाली लागते. दहा टक्के सोडायचे आणि नेट सुधारतं. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही.

सेटिंग बदलण्याआधी थोरला जुने नियम बघत होता. त्याचं बोट थांबलं.

“आई, हे एक एमबीपीएस कोणाला लावलंयस?”

मी वहीत बघितल्यासारखं केलं. मग म्हटलं, “तुला.”

तो हसला. मग हसणं हळूहळू ओसरलं. “मला? मला न सांगता?” मी काही बोलले नाही. त्याने स्वतःचा फोन काढून सेटिंगमधला नंबर माझ्यासमोर धरला. दुसराच होता. वहीत तो ‘धाकटीचा जुना फोन’ म्हणून नोंदला होता. “आणि हा तर बनावट नंबर आहे, बघ,” तो यादीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला. “दुसरं अक्षर ई आहे. दुसऱ्या जागी दोन, सहा, ए किंवा ई असलं की बहुतेक फोनने मनाने बनवलेला.” मी म्हटलं, पण रात्री दोनला आपल्या घरात तुझ्याशिवाय जागं कोण असतं? तो म्हणाला, मी साडेबाराला झोपतो, आई. आणि मग आम्ही दोघांनीही एकदमच राउटरमागच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे अण्णांची खोली.

यादीत ‘अण्णा’ होते. पहिल्याच पानावर, राखाडी. मी ती ओळ रोज बघत होते आणि म्हातारं माणूस, वापरत नसेल फारसं, असं समजत होते. गेल्या वेळी पासवर्ड बदलला तेव्हा त्यांच्या टॅबला नेटवर्क विसरायला लावून मीच पुन्हा जोडून दिलं होतं. तेव्हाच त्याने नवा नंबर घेतला असणार. तेवीस यंत्रांची हजेरी घेणाऱ्या मला, एक माणूस कित्येक दिवस सतत गैरहजर दिसतोय हे खटकलं नव्हतं.

तेव्हापासून मला चाळवत राहिलं ते हे, की अण्णांनी अकरा दिवस काय काय केलं असेल. काही मला दिसलं होतं, पण कळलं नव्हतं. ते टॅब मधूनच बंद करून उशाशी ठेवत, “त्याला जरा विश्रांती देतो,” म्हणत. आत्यांशी व्हिडिओवर बोलताना, “तू धुक्यात बसलीयस की माझे डोळे गेले?” असं विचारून हसले होते आणि दुसऱ्या दिवसापासून साध्या फोनवरच बोलायला लागले होते. टॅबमधले खेळ त्यांनी काढून टाकले, जागा होईल म्हणून. नेट स्लो आहे का, असं एकदाही विचारलं नाही. त्यांच्या हिशोबी नेट हे कामाच्या माणसांचं. माझी मीटिंग असेल तर “मी मग बघीन” हे ते न सांगता करतात. चित्र फिकं पडलं, तर टॅब म्हातारा झाला असेल, नाहीतर डोळे. मागे सरले, अजून थोडे मागे सरले. थोरल्याने मला ती १९८६ची गोष्ट सांगितली तेव्हा ती मी यंत्रांबद्दल ऐकत होते.

आणि रात्री दोन ते चार. सासूबाई गेल्यापासून त्यांना झोप लागत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणजे ‘हल्ली झोप कमी झालीय’ असं एक वाक्य ठाऊक होतं. आलेखात ती रोजची दोन तासांची भिंत मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते, आणि त्यावर मेगाबिटांत उपाय केला होता. राउटरमध्ये आणखी एक खूण आहे. ती केली की कोणतं यंत्र कोणत्या साइटवर गेलं याची यादी मिळते. थोरल्याने विचारलं, “हे लावायचंय?” नाही म्हणाले. पण उगाच चांगुलपणा घ्यायला नको, त्या अकरा दिवसांत मला ती सापडली असती तर मी लावली असती.

त्या चौकोनातला एक मी पुसला. रिकामा चौकोन ‘सेव्ह’ केला. अण्णांना सांगायचं की नाही यावर आम्ही माय-लेक स्वयंपाकघरात कुजबुजत राहिलो. तो म्हणाला सांग. मी म्हटलं, काय सांगू? तुमचं नेट मी तोडलं होतं, तुम्हाला चोर समजून? तो म्हणाला, चोर तर मला समजलीस, त्यांना नाही. ते खरंच होतं. त्याची माफी मी मागितली, तीही धड जमली नाही. खांद्यावर नुसती थाप मारली आणि “वायर नीट गुंडाळून ठेव,” असं काहीतरी म्हणाले.

त्या रात्री पाणी प्यायला उठले, किंवा पाणी प्यायला म्हणून उठले. दोन वाजून दहा मिनिटं. अण्णांच्या दाराखालून निळसर उजेडाची पट्टी. आत आवाज नव्हता, फक्त रुळांचा तो खडखडाट, अगदी बारीक. मी थोडा वेळ अंधारात तशीच उभी राहिले आणि मग तिथून निघाले.

सकाळी ते आपणहून माझ्या टेबलापाशी आले, टॅब दोन्ही हातांत धरून. “सुधारला गं हा. काल बर्फ इतका बारीक दिसत होता, की खोलीत गार वाटायला लागलं.”

“हो का? काय केलंत?” मी विचारलं.

“रोज पुसतोय ना. आपण काच तेवढी पुसतो, पण मागे ती बारीक भोकं असतात, धूळ तिथे बसते.” त्यांनी खिशातून फडकं काढलं, नीट चौघडी केली आणि माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर ठेवलं. “तूपण एकदा पूस हा. मीटिंगमध्ये आवाज तुटतो म्हणत होतीस ना?”

मी पुसला. मागची भोकंसुद्धा.